मुठेचं पाणलोट आणि विकास आराखडा : ओढा नकाशावर का हवा?

२५ जुलै २०२४ च्या पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरलं. त्या दिवशी खडकवासला धरणातून होणारा विसर्ग ३५ ते ४० हजार क्युसेकच्या घरात होता. मुठेच्या पूररेषा आखताना निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची) ६० हजार क्युसेकला आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदाच्या पुराची) १ लाख क्युसेकला धरलेली आहे. म्हणजे निळ्या रेषेला पाणी टेकायला जेवढा विसर्ग लागायला हवा, त्याच्या बराच अलीकडे घरं बुडाली. पुढचे काही दिवस धरणाचे दरवाजे किती वाजता उघडले आणि सूचना कुणाला मिळाली, यावर वाद झाला. तो वाद गरजेचा आहेच, पण त्यातून दोन प्रश्न सुटून जातात. पात्रात पाणी का मावलं नाही? आणि धरणाच्या खाली, शहराच्या डोक्यावरच्या टेकड्यांवरून किती पाणी त्यात येऊन मिळालं? या दोन्हींची उत्तरं जमीन कुठे कशासाठी वापरायला दिली, यात आहेत.

पात्राचं गणित आधी करू. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण १००० घनमीटर. पाणी सेकंदाला अडीच मीटर वेगाने वाहतं असं धरलं, तर त्याला ४०० चौरस मीटरची वाट लागते : १०० मीटर रुंद आणि ४ मीटर खोल. दोन्ही काठांना मिळून २० मीटर रुंदीचा भराव पडला, की तेवढंच पाणी त्याच वेगाने न्यायला ५ मीटर खोली लागते. प्रत्यक्षात वेगही थोडा वाढतो, त्यामुळे पातळी पूर्ण मीटरभर चढत नाही. पण तळमजल्याच्या उंबऱ्यावरून आत यायला पाण्याला अर्धा मीटरही पुरतो. रात्रीत काठावर रिकामे होणारे राडारोड्याचे डंपर एकेकटे पाहिले तर किरकोळ वाटतात. काही वर्षांत तेच वीस मीटर होतात.

आता दुसरा प्रश्न. धरणाच्या खालचं पाणलोट कुणाच्याच दरवाजाने अडत नाही. समजा, असं ५० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, त्यावर तासाला २० मिलिमीटर पाऊस पडतोय आणि त्यातलं ६० टक्के पाणी लगेच वाहून येतंय. ढोबळ हिशेबाने हे सेकंदाला १६५ घनमीटर, म्हणजे जवळपास ६ हजार क्युसेक होतात. धरणातून एक थेंबही न सोडता.

पुण्याने हे आधी पाहिलेलं आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि पुणे परिसरात त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक जणांचा जीव घेतला. आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरात उगम पावतो आणि शहरातून वाहत दांडेकर पुलाच्या बाजूला मुठेला मिळतो. त्याच्यावर खडकवासल्यासारखं दरवाजांचं धरण नाही. त्या रात्री डोंगरावर पडलेला पाऊस होता आणि त्याच्या वाटेत उभं राहिलेलं शहर होतं.

पाणलोट म्हणजे काय, थोडक्यात

एखाद्या ठिकाणी नदीत येणारं पाणी ज्या ज्या जमिनीवर पडतं, ती सगळी जमीन म्हणजे त्या ठिकाणचं पाणलोट क्षेत्र. त्याची हद्द डोंगराच्या धारेवरून जाते. धारेच्या अलीकडे पडलेला थेंब या खोऱ्यात, पलीकडचा त्या खोऱ्यात. ग्रामपंचायतीची, तालुक्याची किंवा महापालिकेची हद्द या धारेला विचारून आखलेली नसते आणि नियोजनाचं निम्मं दुखणं इथेच आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने महाराष्ट्राची १५३१ पाणलोट क्षेत्रांत विभागणी केलेली आहे. विकास आराखडा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, मात्र पाणलोटाचा होत नाही. तो महापालिकेचा, नगरपालिकेचा किंवा प्राधिकरणाचा होतो.

मुठेचंच घ्या. टेमघर धरण (३.७१ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट) खुद्द मुठेवर, वरसगाव (१२.८२) मोसे नदीवर, पानशेत (१०.६५) आंबी नदीवर, आणि तिन्हींच्या खाली खडकवासला (१.९७). एकूण २९.१५ टीएमसी. या साठ्याला पाणी देणारे डोंगर मुळशी, वेल्हे (आताचा राजगड) आणि हवेली तालुक्यांत. तिथे बांधकाम परवानगी प्रामुख्याने पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), डोंगरमाथ्याचा काही भाग वनविभागाकडे, जलाशय आणि पूररेषा जलसंपदा विभागाकडे, गायरान महसूल आणि ग्रामपंचायतीकडे. पाणी पिणारं शहर महापालिकेकडे. ओढा एकच, पण वाटेत त्याचा मालक चार-पाच वेळा बदलतो.

झोन बदलला की पाण्याचं काय होतं

हा सगळा विषय एका उदाहरणात बसतो. टेकडीच्या पोटातलं १०० हेक्टरचं छोटं पाणलोट घ्या. खाली रस्ता आहे, रस्त्याखाली १२०० मिलिमीटर व्यासाच्या दोन सिमेंट पाइपांची मोरी आहे. तासभर ६० मिलिमीटर पाऊस पडला. त्या जमिनीवर एकूण ६ कोटी लिटर पाणी आलं.

अभियंते अशा छोट्या क्षेत्रासाठी साधं सूत्र वापरतात. वाहून येण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला लगेच वाहून येणारा वाटा) गुणिले पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रतितास) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर सेकंदाला इतके घनमीटर असं येतं.

टेकडीवर झुडपं, गवत आणि थोडी झाडं असताना गुणांक ०.३ धरू. ०.३ × ६० × १०० ÷ ३६० = ५ घनमीटर. एक १२०० मिलिमीटरचा पाइप बऱ्या उतारावर, स्वच्छ असताना, सेकंदाला साधारण ३ घनमीटर नेतो. दोन पाइप म्हणजे ६. मोरी पुरते.

दहा वर्षांत तिथे इमारती, काँक्रीटचे रस्ते, फरसबंद पार्किंग आलं. गुणांक ०.८ झाला. ०.८ × ६० × १०० ÷ ३६० = १३.३ घनमीटर. मोरी तीच आहे. सातेक घनमीटर पाण्याला जायला जागा नाही. ते रस्त्यावरून जातं आणि ज्याचं घर सखल भागात त्याच्याकडे जातं. पाऊस वाढला नाही, ढगफुटी झाली नाही; वापर बदलला.

खरी परिस्थिती याहून वाईट असते. गुळगुळीत पृष्ठभागावरून पाणी लवकर खाली पोहोचतं, त्यामुळे पावसाच्या छोट्या पण जोरदार सरींनाही ओढा पूर्ण भरतो. शिवाय पाइपाच्या तोंडाशी गाद्या, थर्माकोल, फांद्या अडकल्या की निम्मी क्षमता संपते. म्हणून नागरी ओढ्यावर पाइपाची मोरी घालूच नये, एका गाळ्याची चौकोनी मोरी किंवा छोटा पूल करावा असं जाणकार सांगतात. खर्च वाढतो, हे खरं. पण पाइपात अडकलेली गादी भर पावसात रात्री दोन वाजता काढता येत नाही.

हाच हिशेब उन्हाळ्यात उलटा लागतो. आधी ६ कोटींतलं ४ कोटी २० लाख लिटर पाणी मातीत, झाडांवर, खडकाच्या फटींत थांबत होतं. आता १ कोटी २० लाखच थांबतं. सह्याद्रीच्या या भागात काळा पाषाण थरांनी रचलेला आहे. पाणी भेगांतून उतरतं, मधल्या घट्ट किंवा तांबड्या थरावर अडतं आणि त्या थराची कड जिथे डोंगराबाहेर येते तिथे झऱ्याच्या रूपाने फुटतं. वरचा उतार बंद केला की हा झरा जानेवारीत आटतो. मग मार्चमध्ये टँकर येतात, आणि तेच टँकर वरच्या सोसायट्यांनाही पाणी पुरवतात.

सगळ्यात मोठी चूक नकाशात होते

नियम नाहीत अशी तक्रार नेहमी होते. नियम आहेत. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर आणि नाल्यासारख्या छोट्या प्रवाहापासून ९ मीटर अंतर सोडायला सांगितलं आहे. १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचे तळ शासनाच्या मालकीचे आहेत. इतकं असूनही ओढे गायब होतात, कारण परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर जो नकाशा असतो त्यात ओढाच नसतो.

तो का नसतो, हे समजून घेण्यासारखं आहे.

विकास आराखड्याची पहिली पायरी म्हणजे विद्यमान जमीन वापराचा नकाशा. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम २५ खाली तो करतात. सर्वेक्षण करणारे बहुधा कोरड्या महिन्यांत फिरतात किंवा उपग्रहाचं ढग नसलेलं, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्यातलं चित्र घेतात. पहिल्या श्रेणीचे ओहोळ, ज्यांना वरून कुठलाच प्रवाह मिळत नाही, ते तेव्हा कोरडे असतात. चित्रात ती पडीक जमीन दिसते आणि आराखड्यात निवासी क्षेत्र होते. कुठल्याही खोऱ्यात प्रवाहांच्या एकूण लांबीचा निम्म्याहून अधिक वाटा याच बारीक ओहोळांचा असतो. १:५०,००० च्या टोपोशीटवर, म्हणजे सर्वे ऑफ इंडियाच्या चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर, त्यांतले बरेच दिसत नाहीत. दिसतात त्या समोच्च रेषांच्या, म्हणजे कंटूरच्या, डोंगराकडे वळलेल्या टोकदार घड्या. जाणता माणूस त्या घड्यांवरून ओहोळ ओळखतो. घाईत काम करणारा ओळखत नाही.

दुसरं कारण गावनकाशात आहे. मोठा ओढा दोन गटांच्या मधून वेगळा दाखवलेला असतो, पण छोटा ओहोळ एखाद्या गटाच्या पोटातून जात असेल तर नकाशावर त्याची रेघही नसू शकते. त्याची खूण मग सातबाऱ्यावर शोधावी लागते. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे खडकाळ वगैरे कारणांनी लागवडीला अयोग्य जमीन. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा, लोकांच्या वापरातला ओढा, स्मशान अशा सार्वजनिक कारणासाठी आकारणीतून वगळलेली जमीन. ओढ्याकाठच्या गटावर ‘पो.ख. ब’ खाली काही गुंठे लिहिलेले दिसले, की तिथे नेमकं काय आहे हे विचारायलाच हवं. जमीन विकत घेणारे लोक एकूण क्षेत्र पाहतात, ही ओळ वाचत नाहीत. प्लॉटिंग करणारा मात्र ती वाचतो.

तिसरं कारण मधल्या वाटेचं. ज्या प्रवाहाला धड काठ नाहीत, तो सखल जमिनीतून जात असेल तर त्याला ठरावीक छेदात आणि रेषेत वळवायची परवानगी मिळू शकते. अट एवढीच की तो जिथून आत येतो आणि जिथून बाहेर पडतो त्या जागा बदलायच्या नाहीत. अट पाळूनही घोळ होतो. आतली वाट प्लॉटच्या कडेने काटकोनात फिरवतात, कारण तसं केल्याने मधली जागा सलग मिळते. काटकोनात पाण्याचा वेग मोडतो, वळणावर गाळ बसतो, पातळी फुगते आणि पहिल्या मोठ्या पावसात बाहेरची भिंत जाते. वर स्लॅब टाकला असेल तर गाळ काढायलाही उतरता येत नाही. आंबिल ओढ्याचा प्रवाह पेशवाईतच वळवलेला आहे, तेव्हा ओढे वळवणं नवीन नाही. पण त्या काळी ओढ्याला कोपऱ्यात कोंबायची वेळ आली नव्हती.

उतारावर काय चालतं, काय नाही

चांगला आराखडा जमिनीला उतारानुसार वाचतो. माथा, उतार, पायथा, ओढ्याची पट्टी, पूरमैदान. प्रत्येकाचं काम वेगळं.

माथा आणि तीव्र उतार मोकळे ठेवायचे. १:५ उतार म्हणजे पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, साधारण ११ अंश. ऐकायला सौम्य वाटतं, पण अशा ठिकाणी घराचं सपाट जोतं करायला पंधरा मीटर खोलीच्या प्लॉटवर एका बाजूने तीन मीटर कापावं किंवा दुसऱ्या बाजूने तीन मीटर भरावं लागतं. कापलेला मुरूम बहुतेक वेळा उताराखाली ढकलला जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ओढ्यात असतो. इथली नेहमीची लबाडी दोन प्रकारची. एक, संपूर्ण गटाचा सरासरी उतार काढायचा, म्हणजे खालचा सपाट भाग वरच्या कड्याला झाकून घेतो. दोन, आधी गौण खनिजाच्या नावाखाली डोंगर कापायचा आणि मग मोजणी करायची. उपायही ठरलेला आहे. उतार कापणीआधीच्या टोपोशीटवरून किंवा जुन्या उपग्रहाच्या उंचीच्या माहितीवरून ठरवायचा, आणि गट छोट्या चौकटींत तोडून प्रत्येक चौकटीचा वेगळा काढायचा. ही अट आराखड्याच्या अहवालात लिहून घ्यावी, नाहीतर प्रत्येक प्रकरणात नवा वाद होतो.

पुण्यात २३ समाविष्ट गावांच्या टेकड्यांवर ९७८ हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, आरक्षण आहे. २०१५ मध्ये त्याला मंजुरी देताना जमीनमालकांना ८ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, ठरला. कल्पना पाणलोटाच्या दृष्टीने अगदी योग्य जागी होती. अडचण मोबदल्याची. ज्याला शेजारच्या प्लॉटचा भाव दिसतो, तो ८ टक्क्यांवर जागा देत नाही. आणि ताब्यात न आलेल्या आरक्षणावर हळूहळू पत्रे उभे राहतात. आरक्षणाचा हिरवा रंग नकाशावर भरणं सोपं असतं. जमिनीच्या मालकाला काय मिळणार हे त्याच दिवशी ठरलं नाही, तर तो रंग टिकत नाही.

ओढ्याच्या पट्टीचंही तसंच. ५०० मीटर लांबीच्या नाल्याला दोन्ही बाजूंनी ९ मीटर सोडले की ९००० चौरस मीटर होतात, सव्वादोन एकर. एकाच शेतकऱ्याच्या गटातून हा नाला जात असेल तर तो विरोध करणारच. त्याला गप्प बसवायच्या दोन व्यवहार्य वाटा आहेत. त्या पट्टीचा एफएसआय, म्हणजे तिच्यावर मिळणारं बांधकामाचं क्षेत्र, त्याच्या उरलेल्या जमिनीवर वापरू द्यायचा. किंवा नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, करायची. त्यात सगळ्यांचे गट एकत्र करून नवे अंतिम भूखंड पाडतात, त्यामुळे ओढ्याचा बोजा एकावर न पडता सगळ्यांत वाटला जातो. ४००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जमिनीच्या लेआउटमध्ये १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती कोपऱ्यातल्या निरुपयोगी तुकड्यात न ढकलता ओढ्याला लागून मागितली, तर पाण्याला रुंदी मिळते आणि सोसायटीला बाग. आराखडा तपासताना हा एवढाच एक मुद्दा लावून धरला तरी पुष्कळ पदरात पडतं.

पायथ्याच्या शेतीचा विषय वेगळा. शेती आहे म्हणजे पाणलोट सुरक्षित, असं समजू नये. बांध मोडून एकच मोठं सपाट शेत केलं की माती निसटते. एका हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली म्हणजे १० घनमीटर गेली. १०० चौरस किलोमीटरवरून गेली तर १ लाख घनमीटर. १५ घनमीटरचा हायवा डंपर धरला तर साडेसहा हजारांहून जास्त खेपा. खडकवासल्याचा साठा दोन टीएमसीच्या आत आहे आणि शहराला व कालव्याला जाणारं पाणी त्यातूनच जातं, हे लक्षात ठेवून ही संख्या वाचावी. बांध राखणं, उताराला आडवी नांगरट, वणवा न लावणं या जुन्या गोष्टी गाळ काढायच्या यंत्रांपेक्षा स्वस्त पडतात.

डोंगरावरच्या सलग समतल चरांबद्दल थोडं. लोकांचा त्यावर फार विश्वास असतो. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर, दर १० मीटरवर, म्हणजे हेक्टरी १००० मीटर लांबी. त्यात १८० घनमीटर पाणी मावतं, म्हणजे १८ मिलिमीटर पाऊस. माती टिकवायला आणि झऱ्याला पाणी द्यायला उत्तम. पण तासाला ६० मिलिमीटरच्या पावसात, पडलेलं सगळं पाणी चरांत आलं तर, ते अठरा मिनिटांत भरतात. वर चर खोदले म्हणून खाली ओढ्यात बांधकाम चालेल, हा युक्तिवाद कुणी केला तर त्याला हा आकडा सांगावा.

निळी रेषा, लाल रेषा

जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सोप्या शब्दांत, २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची पातळी ती निळी, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल ती लाल. दोन्ही काठांवरच्या निळ्या रेषांच्या आत निषिद्ध क्षेत्र : शेती, मैदान, बाग असे मोकळे वापर. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र : जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेऊन बांधकाम करता येतं.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पंचवीस वर्षं निर्धास्त, असा नाही. दरवर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता ४ टक्के. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे जाते.

या रेषांच्या दोन मर्यादा आहेत. पहिली, त्या आखतानाचं पाणलोट आणि आजचं पाणलोट सारखं नसतं. वरच्या १०० हेक्टरचा गुणांक ०.३ वरून ०.८ झाला, तर खालची रेषा जुनीच राहून चालत नाही. दुसरी, रेषा नदीला असते. उपनद्या आणि ओढ्यांना बहुतेक ठिकाणी ती आखलेलीच नसते. बावधन-पाषाणमधून येणारी रामनदी असो की आंबिल ओढा, जिथे पात्र अरुंद आणि वस्ती अगदी टेकलेली, तिथेच तिची जास्त गरज आहे. राज्यात २००० साली नदी नियमन क्षेत्राचं धोरण आलं होतं, ते २०१५ मध्ये रद्द झालं. तेही मुख्यतः नदीकाठच्या प्रदूषणकारी उद्योगांच्या अंतराबद्दल होतं. डोंगरउतारांना हात घालणारं धोरण ते नव्हतंच.

धरणांच्या वरचा प्रश्न

वरसगाव जलाशयाच्या काठाने, मोसे खोऱ्यात, लवासा उभं राहिलं. १९९६ च्या गिरिस्थान धोरणाने त्याची वाट मोकळी केली, २००८ मध्ये त्या क्षेत्रासाठी विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा खुद्द प्रकल्पाच्या कंपनीला मिळाला, नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायला लावलं, २०११ मध्ये अटींसह मंजुरी दिली आणि २०१७ मध्ये तो दर्जा काढून क्षेत्र पीएमआरडीएकडे गेलं. लवासाबद्दल लोकांची मतं टोकाची आहेत. नियोजनाच्या दृष्टीने त्यातली एकच गोष्ट बघावी : पिण्याच्या पाण्याच्या जलाशयावरच्या उतारावर परवानगी मागणारा आणि देणारा यांच्यात पुरेसं अंतर राहिलं नव्हतं.

आज तिथला खरा दबाव एका मोठ्या प्रकल्पाचा नाही, शेकडो फार्महाउस आणि रिसॉर्टांचा आहे. एकेकाला परवानगी देताना परिणाम नगण्य दिसतो. २०० माणसांचं रिसॉर्ट, माणशी १३५ लिटर पाणी, म्हणजे दिवसाला २७ हजार लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, २१ हजार लिटरच्या वर. भेगाळ पाषाणात शोषखड्डा खणला की हे पाणी गाळून न निघता भेगेतून थेट जलाशयाकडे जातं. सोबत येणारे रस्ते तर वेगळेच. जेसीबीने डोंगर कापून केलेल्या कच्च्या रस्त्याला आतल्या बाजूने गटार आणि ठरावीक अंतरावर आडवी मोरी नसेल, तर एका पावसाळ्यात तो रस्ता स्वतःच ओहोळ होतो. जलाशयाच्या कडेने एक बांधकामविरहित पट्टा, सांडपाणी प्रक्रियेची सक्ती आणि खोऱ्यात एकूण किती बांधकाम चालेल याची मर्यादा, या तिन्ही गोष्टी प्रादेशिक पातळीवर ठरल्या पाहिजेत. गटागटाने ठरवल्या तर त्या ठरत नाहीत.

न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये आपल्या पाणलोटातल्या गावांशी करार केला. जलाशयापासून ३०० फूट आणि ओढ्यापासून १०० फूट अंतरात नवीन फरसबंदी-बांधकामावर निर्बंध आले. बदल्यात शहराने गावांमधली सांडपाणी केंद्रं सुधारायला, शेतकऱ्यांना मदत करायला आणि राजीखुशीने विकणाऱ्यांची जमीन घ्यायला पैसे दिले. अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प बांधण्यापेक्षा हे शहराला स्वस्त वाटलं. मोसे-आंबी खोऱ्यातल्या शेतकऱ्याला ‘बांधू नको’ सांगताना त्याच्या हातात काय ठेवणार, हे पुण्याने अजून मोकळेपणाने बोललेलं नाही.

हरकत घ्यायची तर अशी

प्रारूप आराखडा कलम २६ खाली प्रसिद्ध होतो आणि हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. मंजूर आराखड्यात कलम ३७ खाली फेरबदल करायचा असेल, तर एक महिन्याची सूचना निघते. झोन बहुतेक वेळा या दुसऱ्या वाटेने गुपचूप बदलतो, कारण वर्तमानपत्रातली ती बारीक जाहिरात कुणी वाचत नाही.

तयारी आधीच्या पावसाळ्यात करावी लागते. सर्वे ऑफ इंडियाची टोपोशीट संकेतस्थळावरून उतरवून घ्या. महाभूनकाशावरून गावचा गटवारी नकाशा आणि संबंधित गटांचे सातबारे काढा. क्यूजीआयएससारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ३० मीटरची उंचीची माहिती टाकून प्रवाहांच्या रेषा काढता येतात. त्या अंदाजी असतात, सपाट भागात फसतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये जागेवर जाऊन वाहत्या पाण्याचे तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटतील असे फोटो घ्या. पूल आणि मोऱ्या मोजा : किती पाइप, किती व्यास, तोंडाशी काय अडकलंय.

हरकतीत ‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे, तरी दखल घ्यावी’ असं लिहू नका. सुनावणीला नियोजन समितीसमोर हजारो अर्ज असतात आणि अशा अर्जावर करण्यासारखं काहीच नसतं. लिहायचं ते असं : ‘मौजे अमुक, गट क्रमांक तमुक मधून ओढा वाहतो. सोबत टोपोशीटचा भाग, सातबाऱ्यावरील पोटखराबा ब ची नोंद आणि १९ जुलैचे फोटो जोडले आहेत. प्रारूप नकाशात हा ओढा दाखवलेला नाही. तो दाखवावा, दोन्ही बाजूंस ९ मीटर हरित पट्टा ठेवावा आणि या गटाचं निवासी क्षेत्र त्यानुसार कमी करावं.’ एका ओढ्याला एक अर्ज. गटाच्या मालकांपैकी एखाद्याची सही मिळाली तर अर्जाचं वजन वाढतं. पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा आणि सुनावणीला स्वतः जा. गैरहजर माणसाची हरकत बहुधा एका ओळीत निकाली निघते.